गवळण वगात शिरते तेव्हा

ढोलकीफडाच्या तमाशाचा क्रम ठरलेला असे. आधी गण, मग गवळण, पुढे बतावणी-रंगबाजी आणि सगळ्यात शेवटी वग. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणींची वाट कृष्ण आणि पेंद्या अडवायचे, मावशी मध्ये पडायची, हुज्जत व्हायची, प्रेक्षक पोट धरून हसायचे. ते उरकलं की वगाची गोष्ट सुरू. छेडछाडीला तिची जागा, गोष्टीला तिची. आज नव्याने कथा-कादंबरी लिहिणाऱ्याला ही सोय नाही. त्याला सगळं एकाच वगात बसवायचं असतं. मग कारखान्यातल्या संपावर किंवा धरणाखाली गेलेल्या गावावर लिहायला घेतलेल्या कादंबरीत चाळिसाव्या पानावर नायकाला एक मुलगी भेटते, आणि तिथून पुढे संपाचं काय झालं, गाव कधी बुडालं याचा पत्ता लागत नाही. गवळण वगात शिरलेली असते. अशा हस्तलिखिताला सहसा एकच सल्ला मिळतो: प्रेमप्रसंग कमी करा. हा सल्ला मला अपुरा वाटतो, बऱ्याचदा चुकीचाही. प्रेमाच्या उपकथानकाने जास्त पानं खाल्ली म्हणून मुख्य कथा झाकोळली, असं क्वचितच होतं. बहुतेक वेळा प्रेमाची अडचण एक असते आणि कथेची दुसरीच. दोघींचं एकमेकींशी देणंघेणं नसतं. त्यामुळे वाचकाला दोन्हींतली एक निवडावी लागते, आणि तो गोड असेल ती निवडतो. त्यात त्याचा दोष नाही.

पानांचा हिशेब किती फसवा असतो हे पाहायचं तर मराठी कादंबरीच्या उगमाकडे जावं. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' १८९० पासून 'करमणूक'मधून क्रमशः येऊ लागली. बाईच्या, त्यातही विधवेच्या वाट्याला आलेलं जिणं हा तिचा विषय. पण यमू आणि रघुनाथराव यांच्या संसाराच्या बाबतीत हरिभाऊंनी हात अजिबात आखडता घेतलेला नाही. नवरा बायकोला लिहायला-वाचायला शिकवतो, दोघं मुंबईला बिऱ्हाड करतात, एकमेकांशी बोलायला त्यांना तिथे वेळ मिळतो, मोकळीक मिळते. हा भाग मोठा आहे, मनापासून लिहिलेला आहे आणि वाचताना सुखावणारा आहे. तरी विषय झाकोळत नाही. रघुनाथराव जातात, यमू सासरच्या माणसांच्या हाती सापडते, तिचं सक्तीने केशवपन होतं. आणि त्या प्रसंगी वाचकाच्या पोटात जे तुटतं ते मुंबईच्या त्या पानांमुळे तुटतं. रूढीने नेमकं काय हिरावलं याची यादी वाचकाकडे आधीच तयार असते. तो संसार कुणी संपादकाने कापून चौथाई केला असता तर विधवांच्या दुःखावरचा एक सभ्य निबंध हाती उरला असता, आणि त्या काळात तसे निबंध काही कमी नव्हते.

याहून फार थोड्या जागेत बसलेला नमुना हवा असेल तर लोणावळा लोकलने देहूरोडला उतरावं आणि इंद्रायणीकाठच्या देहूची एक जुनी आख्यायिका आठवावी. तुकोबांना कुणी उसाची मोळी दिली. वाटेत पोरं भेटत गेली, मागत गेली, तुकोबा देत गेले. घरी पोचले तेव्हा हातात एकच ऊस होता. जिजाईने, म्हणजे आवलीने, तो उचलून त्यांच्या पाठीत घातला. उसाचे दोन तुकडे झाले, आणि तुकोबा हसून म्हणाले, बरं झालं, वाटे तूच करून दिलेस. सांगणाऱ्यागणिक तपशील थोडा बदलतो, गाभा हाच राहतो. खरं-खोटं बाजूला ठेवून लिहिणाऱ्याच्या नजरेने ही गोष्ट पाहावी. नवरा-बायकोच्या नात्याचा हा प्रसंग आहे आणि त्यात प्रेमाचा शब्दही नाही. भांडण कशावरून होतं? घरात दाणा नसताना हा माणूस हातचं वाटून टाकतो, यावरून. तुकोबांच्या आयुष्याची मुख्य गोष्ट तरी काय आहे? हीच. संसारातून सुटत जाणारा हात. म्हणजे नात्याची अडचण आणि कथेची अडचण एकच, फक्त ती इथे उंबरठ्याच्या आतल्या बाजूने दिसते. म्हणून हा प्रसंग चार ओळींत सांगा किंवा कीर्तनकारासारखा अर्धा तास रंगवा, तुकोबांची गोष्ट बाजूला पडत नाही. उलट ती इथे कसाला लागते.

प्रभातच्या दामले-फत्तेलाल या जोडीला हे नेमकं कळलं होतं. त्यांच्या १९३६ च्या 'संत तुकाराम'मध्ये विष्णुपंत पागनीसांचा तुकाराम जितका लक्षात राहतो तितकीच गौरीची जिजाईही. पोर आजारी पडल्यावर एका हाताने त्याला ओढत, दुसऱ्या हातात पायातलं घेऊन ती विठोबाला जाब विचारायला देवळात शिरते. संतपटात देवावर पायताण उगारणारी बायको दाखवणं हे आजही सोपं नाही. पण त्या प्रसंगाने चित्रपटाचा तोल जात नाही. उलट तिच्याशिवाय तो चित्रपट चमत्कारांची माळ झाला असता. तुकारामाच्या विरक्तीची किंमत कोण मोजतंय, हे सांगणारं दुसरं माणूस त्या पडद्यावर नाही.

आता हे तुमच्या हस्तलिखिताला कसं लावायचं? एक कोरा कागद घ्या. वरच्या अर्ध्यात मुख्य कथेची अडचण एका वाक्यात लिहा, खालच्या अर्ध्यात त्या दोघांच्या प्रेमाची. वाक्यं प्रामाणिकपणे लिहायची. 'समाज', 'परिस्थिती', 'नियती' असले शब्द वापरायचे नाहीत, कारण त्यांच्या पोटात काहीही मावतं. उदाहरणाला देहूरोडच घेऊ, कारण या गावावर कादंबरी व्हावी असा ऐवज इथे पडून आहे. लष्करी छावणी, दारूगोळ्याचा डेपो, डेपोत कामाला आलेली दूरदूरच्या गावांची माणसं, आणि २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथल्या विहारात केलेली बुद्धमूर्तीची स्थापना. रंगूनहून आणलेली मूर्ती, आणि नागपूरच्या धर्मांतराला अजून जवळजवळ दोन वर्षं अवकाश. त्या दिवशीच्या भाषणात बाबासाहेबांनी पंढरपूरचा विठोबा हा मुळात बुद्धच आहे, असं प्रतिपादन केलं होतं. आणि तेही तुकोबांच्या देहूच्या वेशीवर. समजा, त्या विहारासाठी वर्गणी गोळा करणारा डेपोतला एक तरुण तुमचा नायक आहे. कागदाच्या वरच्या अर्ध्यात तुम्ही लिहिलंत: वस्तीतल्या माणसांना जुना देव सोडवत नाही आणि जुनं जिणं सोसवत नाही. खालच्या अर्ध्यात: मुलीच्या बापाला जावई शहरातला, चांगल्या पगाराचा हवा आहे. ही दोन वाक्यं एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. अशी कादंबरी लिहिलीत तर विहार मागे पडद्यावर रंगवलेला राहील आणि पुढे एक साधी प्रेमकथा चालेल, जी पिंपरीत घडली असती तरी चाललं असतं आणि परभणीत घडली असती तरी.

खालचं वाक्य बदलून पाहा. मुलीचा बाप माळकरी आहे. दर एकादशीला पायी देहूला जातो, पंढरीची वारी चुकवत नाही. वस्तीत त्याला जो काही मान आहे तो गळ्यातल्या त्या माळेमुळे. वर्गणीची वही घेऊन दारात आलेला पोरगा त्याला आवडतो, तो काय मागतोय हे मात्र त्याला उलगडत नाही. मुलीला दोघंही हवे आहेत. आता लग्नाची अडचण आणि वस्तीची अडचण एकच झाली: घरातल्या कोनाड्यात उद्यापासून कोण बसणार. मग २५ डिसेंबरच्या सभेत तुम्ही त्या बापाला गर्दीच्या कडेला उभं करू शकता. विठोबाबद्दलचं ते वाक्य त्याच्या कानावर पडतं तेव्हा त्याचा हात माळेकडे जातो का, गेला तर ती काढायला की धरून ठेवायला, हा प्रश्न कादंबरीचाही आहे आणि त्या दोन पोरांचाही. यानंतर तुम्ही प्रेमाला दहा पानं द्या नाहीतर शंभर. पानं मोजायची गरजच उरत नाही.

देहूरोडच्या आसपासच्या औद्योगिक पट्ट्यातलं आजचं उदाहरण तर आयतं आहे. चाकण, म्हाळुंगे, निघोजे, भोसरी इकडे कुठेही मुलीच्या बापाने स्थळाबद्दल विचारलेला पहिला प्रश्न म्हणजे, 'मुलगा कंपनीत परमनंट आहे का?' कंत्राटी कामगाराच्या जिण्यावर कुणाला लिहायचं असेल तर प्रेमाची अडचण शोधायला त्याने जातीपातीच्या किंवा श्रीमंती-गरिबीच्या नेहमीच्या पेटाऱ्यात हात घालू नये. ती या एका शब्दात बसलेली आहे. मुकादमाशी वाकडं घेतलं तर नोकरीत ब्रेक, गप्प बसलं तर कदाचित पुढच्या वर्षी कायम. आणि कायम झालं तर लग्न. त्या मुलाने युनियनच्या कागदावर सही करायची की नाही, हा प्रश्न आता एकट्या त्याचा राहिला नाही. आणि मुलगीही तिथेच दुसऱ्या पाळीला असेल, तिच्याही पुढे तोच कागद आला असेल, तर गोष्ट आपसूक पुढे सरकते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. असं केलं तर प्रेम मुख्य कथेचं वेठबिगार होईल. प्रत्येक नजरानजर विषयाच्या कामाला जुंपली जाईल, माणसं जाऊन आकृत्या उरतील. प्रचारकी साहित्यात हे भरपूर झालेलं आहे. चळवळीतला नायक आणि त्याला साथ देणारी नायिका. ती मोर्चात पुढे, भाषणाला टाळ्या देणारी, शेवटी त्याच्या हौतात्म्यावर डोळे पुसणारी. अशा जोड्यांत चूक होते ती सुरुवातीलाच, दोघांना एका बाजूला उभं केलं तेव्हा. अडचण एक असावी याचा अर्थ त्या अडचणीवरचं मत एक असावं असा नाही. जिजाई पुन्हा आठवा. ती तुकोबांची अनुयायी नाही, त्यांच्या विरुद्ध उभा राहिलेला सगळ्यात सबळ पक्ष आहे. तिचं म्हणणं खोडता येत नाही, कारण पोरं खरोखर उपाशी आहेत. प्रेमाच्या पात्राला मुख्य प्रश्नावर स्वतःचं मत असावं, त्या मतामागे स्वतःचं पोट असावं, आणि शक्य तर ते मत नायकाच्या मताला छेद देणारं असावं. मग ते पात्र कुणाचं वेठबिगार राहत नाही. कंत्राटी कामगाराच्या गोष्टीत सहीला विरोध करणारी ती असू दे. तिच्या घरी आजारी आई असू दे आणि तिचं गणित त्याच्या गणिताइतकंच बरोबर असू दे. वाचक दोघांच्या मध्ये अडकला की लेखकाचं काम झालं.

दुसरा आक्षेप 'स्वामी'चा. रणजित देसाईंच्या १९६२ च्या या कादंबरीत माधवराव पेशव्यांची कारकीर्द आहे: पानिपतानंतरचं मोडलेलं राज्य, निजाम, हैदर, घरातच राघोबादादा. पण वाचकांच्या मनात घर केलंय ते माधवराव आणि रमाबाईंनी. मग इथे उपकथानकाने मुख्य कथा खाल्ली, असं म्हणायचं का? माझं उत्तर थोडं दुटप्पी वाटेल. कादंबरीचा मोठा भाग या आक्षेपातून सहज सुटतो, कारण तिथे राज्य आणि रमा एकाच गोष्टीवर हक्क सांगतात, आणि ती गोष्ट म्हणजे माधवरावांचा वेळ. सोळाव्या वर्षी पेशवाईची वस्त्रं, अठ्ठाविसाव्या वर्षाच्या आत थेऊरला मृत्यू, मध्ये क्षय. प्रत्येक मोहीम रमेच्या वाट्यातून वजा होते, आणि शेवटच्या आजारात रमेला मिळणारा प्रत्येक दिवस राज्याच्या खात्यातून जातो. इथे दोन कथा नाहीतच. पण महालातले काही प्रसंग असेही आहेत, जिथे दोघांचं गोड बोलणं संपतं आणि दरबारात काहीच बदललेलं नसतं. वाचकाला ते प्रसंग आवडतात हे खरं, पण त्या पानांवर कादंबरी थांबलेली असते. नव्या लेखकाने देसाईंकडून घ्यायचं ते हे वेळेचं गणित. होतं उलटंच. ऐतिहासिक कादंबरी लिहायला बसलेले बहुतेकजण त्यातला लाघवी संवाद तेवढा उचलतात, आणि मग प्रत्येक सरदार मोहिमेवर निघण्याआधी अर्धं प्रकरण बायकोचा निरोप घेत बसतो.

उलट बाजूचा दोषही नीट समजून घ्यावा, कारण त्याकडे कुणी लक्ष देत नाही. गडकऱ्यांच्या निधनानंतर १९१९ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'एकच प्याला'त सुधाकर-सिंधूच्या मागे आणखी एक धागा आहे: सुधाकराची विधवा बहीण शरद, दारूतून बाहेर आलेला भगीरथ, आणि शरदकडे ओढला जाऊन स्वतःशीच झगडणारा रामलाल. सिंधूचं जात्यावर बसणं महाराष्ट्राला ठाऊक आहे. रामलालचा झगडा किती जणांना आठवतो? इथे उपकथानकाने मुख्य कथा झाकोळली नाही, ते स्वतःच झाकोळलं गेलं. भगीरथ दारूच्या सूत्राने मूळ नाटकाला बांधलेला आहे, तेवढा भाग टिकतो. रामलालचा मोह मात्र प्याल्याशी फक्त उपमेने जोडलेला आहे: मोह दारूचा काय, देहाचा काय, दोन्ही सारखेच, असं काहीसं. उपमेचा टाका कच्चा असतो. रामलालने शरदचा हात मागितला किंवा सोडला, म्हणून सुधाकराच्या हातातला प्याला ना खाली ठेवला जातो ना वर उचलला जातो. दोन धाग्यांत साम्य असून भागत नाही. एकाला ओढ बसली की दुसरा हलला पाहिजे. ही परीक्षा करायला सोपी आहे. हस्तलिखितातले प्रेमाचे सगळे प्रसंग एका बैठकीत बाजूला काढा आणि उरलेलं सलग वाचा. कुठेही अडखळायला झालं नाही, कुणाचा कुठलाही निर्णय अनाकलनीय वाटला नाही, तर तुमचं उपकथानक रामलालच्या जातीचं आहे. मग उलटं करा: फक्त प्रेमाचे प्रसंग सलग वाचा. तेवढ्यानेच स्वतंत्र दीर्घकथा उभी राहत असेल, तर तुम्ही दोन पुस्तकं एका बांधणीत घातली आहेत. अशा वेळी ती दीर्घकथाच जास्त जिवंत निघाली, तर उगाच भांडू नका. संप फेकून द्या आणि ती कथा लिहा. विषय मोठा असला म्हणजे कादंबरी मोठी होते, हा समज आपल्याकडे फार बोकाळला आहे.

आता भाषेकडे. गोष्ट बरोबर बांधलेली असूनही प्रेमप्रसंग उपरा वाटण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण भाषेत असतं, आणि ते दुरुस्त करायला एक दुपार पुरते. शंभर पानं लेखक शॉपफ्लोअरची बोली लिहीत असतो: जिग, शिफ्ट, ब्रेक, रिजेक्शन. ती आली की एकदम वारा मंद होतो, बटा उडतात, मोगरा दरवळतो. हा ना. सी. फडक्यांच्या वळणाचा शिल्लक साठा आहे. त्यांच्या राजकीय पार्श्वभूमीच्या कादंबऱ्यांवर टीका झाली ती हीच, की राजकारण पडद्यावर रंगवलेलं आणि पुढे नेहमीचीच प्रणयकथा. फडके निदान भाषा तरी पहिल्या पानापासून एकच ठेवत. आपण मध्येच बदलतो. पाहा: 'तिच्या डोळ्यांत त्याला आभाळ दिसलं.' हे वाक्य कुठल्याही कथेत चालेल, म्हणून या कथेत चालू नये. त्याऐवजी: 'तिसरी पाळी सुटली. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि शेजारच्या सीटवर आपला डबा ठेवून दिला. त्याच्या गावचा एकजण आला तेव्हा तिने डबा उचलला नाही. तो आला तेव्हा उचलला.' इथे डोळे नाहीत, आभाळ नाही, आणि तरी बसमधल्या पन्नास माणसांना जे कळायचं ते कळलं. शिवाय ती बस कंपनीची आहे. उद्या तिथेच कुणीतरी सुपरवायझरच्या कानात हे सांगणार आहे. प्रेमाचा प्रसंग बागेत, टेकडीवर, हॉटेलात नेण्याआधी तो मुख्य कथेच्या आवारात घडू शकतो का, हे आधी पाहावं. बहुतेक वेळा घडू शकतो, आणि तिथे तो स्वस्तात पडत नाही.

या आवारातल्या प्रेमाचा सगळ्यात संयमी नमुना मला व्यंकटेश माडगूळकरांच्या 'बनगरवाडी'त दिसतो. १९५५ ची ही कादंबरी धनगरांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेल्या पोरसवदा मास्तराची. वाडीने त्याला आपला म्हणायचं की नाही, हा तिचा प्रश्न. कारभाऱ्याची मुलगी अंजी चोळी शिवून आणायचं काम मास्तराला सांगते. एवढंच. यात प्रेम आहे की नाही हेसुद्धा माडगूळकर ठामपणे सांगत नाहीत. पण त्या चोळीवरून कारभाऱ्याच्या मनात किंतु शिरतो, आणि वाडीत मास्तराचा जो एक आधार तोच सरकतो. शिंप्याकडून आलेल्या हातभर कापडाने शाळा डळमळते. प्रेम झालेलंच नाही आणि त्याची किंमत मात्र मुख्य कथेने मोजली. लिहिणाऱ्याने हे प्रकरण समोर ठेवून मोजावं: किती थोडी पानं, किती मोठा धक्का.

वाचकाला प्रेम हवंच असतं, त्याशिवाय दिवाळी अंकवाले कथा घेत नाहीत, प्रकाशक पुस्तक काढत नाहीत, हाही एक आक्षेप नेहमी ऐकू येतो. त्याला उत्तर म्हणून दोन पुस्तकांची नावं पुरेत. नेमाड्यांच्या 'कोसला'त १९६३ साली वाचकाचं काळीज फाडलं ते नायक पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मरणाने. अण्णा भाऊ साठ्यांचा 'फकिरा' तर दुष्काळात लोक जगवण्याच्या एकाच पेचावर उभा आहे. दोन्ही पुस्तकं अजून छापली जातात, विकली जातात. वाचकाला जिव्हाळा हवा असतो. तो प्रियकर-प्रेयसीचाच असावा, अशी अट त्याने घातलेली नाही. तेव्हा तुमच्या कथेत प्रेम आपणहून आलं नसेल, तर विक्रीच्या भीतीने ते आणू नका. आणलेलं प्रेम लगेच ओळखू येतं: नायिकेला नोकरी नसते, भाऊ नसतो, मत नसतं, आणि ती भेटते ती नेहमी पावसात.

राहिला शेवट. इथे मात्र मी थोडा हट्टी आहे. मुख्य कथा संपल्यावर प्रेमाचा हिशेब चुकता करणारं वेगळं प्रकरण लिहू नये. तसं केलं की वाचक पुस्तक मिटतो ते लग्नाच्या अक्षता डोक्यावर घेऊन, आणि संप, धरण, विहार सगळं त्या अक्षतांखाली जातं. एक तर प्रेमाचा निकाल आधी लागावा, म्हणजे नायक शेवटच्या पेचात त्या निकालाचं ओझं किंवा बळ घेऊन उतरेल. नाहीतर दोन्ही निकाल एकाच प्रसंगात लागावेत. दुसऱ्या प्रकाराचं उदाहरण पाहायला देहूरोडहून पुढे जावं. बेगडेवाडी, घोरावाडी आणि मग तळेगाव, जिथे गो. नी. दांडेकर राहिले. त्यांच्या 'जैत रे जैत'वर जब्बार पटेलांनी १९७७ मध्ये चित्रपट केला. नाग्याचं वैर राणीमाशीशी, तिने त्याचा डोळा घेतलेला. नवरा सोडून आलेली चिंधी त्याच्या त्या वेडात सामील. लिंगोबाच्या डोंगरावरची पोळी उतरतात तेव्हा माशांच्या डंखांनी चिंधी जाते. जैत आणि मरण एका क्षणात, एकाच डोंगरावर. त्यानंतर नाग्याचं पुढे काय झालं, हे सांगायला चित्रपट थांबत नाही.

तुमच्या हस्तलिखिताचं शेवटचं प्रकरण लग्नाचं किंवा ताटातुटीचं असेल, तर ते बाजूला काढा आणि त्याच्या आधीच्या प्रकरणावर पुस्तक संपतंय असं समजून एखाद्या चोखंदळ वाचकाच्या हाती द्या. वाचून झाल्यावर त्याने 'त्या दोघांचं पुढे काय झालं हो?' असं विचारलं तर खुशाल हसा आणि उत्तर देऊ नका. त्याने 'संपाचं काय झालं?' असं विचारलं, तर मात्र पुन्हा लिहायला बसा.